शिफ्टिंगच्या आधी उघडायची पेटी

(दृश्य: चाळीचा लांब व्हरांडा. दारांवर रंगवलेले खोली क्रमांक. एका खोलीतून खाट बाहेर निघते आहे.)

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. चारही ठिकाणच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी मिळून २०७ इमारती, १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या. खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात संसार, गावाहून आलेला पाहुणा, गणपतीचं मखर, आणि पोटमाळ्यावर पत्र्याची एक पेटी.

आता पुनर्विकास सुरू आहे. लालबाग-परळपासून गिरगावापर्यंत जुन्या चाळी रिकाम्या होतायत. सामान हलवायच्या दिवशी देव्हारा जपून नेला जातो, टीव्हीला चादर गुंडाळली जाते. पेटीतले कागद मात्र "नंतर बघू" म्हणत गोणीत कोंबले जातात आणि ती गोणी बऱ्याचदा रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. सरकारी दफ्तरातल्या कागदाला निदान एक राखणदार असतो. पेटीतल्या बहुतेक कागदांची दुसरी प्रत कुठेच नसते. म्हणून पेटी उघडायची ती शिफ्टिंगच्या किमान महिनाभर आधी.

(दृश्य: झाकण उघडतं. वर पिवळा पडलेला वर्तमानपत्राचा कागद, खाली दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे.)

काय असतं तिच्यात? भाडेपावत्या. गिरणीचा बदली पास (गैरहजर कामगाराच्या जागी काम करणाऱ्याचा), ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या. रेशनकार्डं, मुंबईत रेशनिंग १९४३ साली आलं, त्यामुळे घरातल्या माणसांची यादी तेव्हापासूनची सापडू शकते. जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं.

आणि मनीऑर्डरच्या पोचपावत्या. या चिटोऱ्यांकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. गावी पैसे पोचले की पोस्टमन घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेई, आणि ती पोच मुंबईला पाठवणाऱ्याकडे परत येई. ज्या आजीचा एकही फोटो घरात नाही, तिच्या अंगठ्याचा ठसा इथं तारखेसकट आणि पोस्टाच्या शिक्क्यासकट सापडतो. शिक्क्यावरून पोस्ट कळतं, पोस्टावरून तालुका. पुढे गावचं दफ्तर शोधायला नेमकं हेच लागतं.

पेटी उघडली की लगेच वाचायला बसू नका. आधी वरून एक फोटो काढा. मग एकेक थर उचलताना प्रत्येक थराचा. कोणता गठ्ठा कुठल्या गठ्ठ्याखाली होता, कशाबरोबर बांधला होता, हीसुद्धा माहितीच आहे. नाव नसलेला फोटो जर एकाच खोलीच्या भाडेपावत्यांमध्ये सापडला, तर तो कुणाचा असावा याचा पहिला धागा त्या पावत्यांतच असतो. लग्नपत्रिका इकडे, पावत्या तिकडे, फोटो अल्बममध्ये अशी वाटणी केली की हा धागा तुटतो आणि परत जोडता येत नाही. नीटनेटकेपणाच्या हौसेनं झालेलं हे नुकसान वाळवीपेक्षा कमी नाही.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवतात. त्यांना रुमाल म्हणतात, आणि कागद मागायचा तर रुमालाचा क्रमांक द्यावा लागतो. घरीही तेच करायचं: पेटी १, गठ्ठा ३, कागद १२. हा क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर मऊ पेन्सिलनं लिहायचा. मूळ कागदावर बॉलपेन टेकवायचं नाही; त्याची शाई दुसऱ्या बाजूला उतरते आणि दाबाचा वळ कायमचा राहतो.

(दृश्य: खिडकीशी टेबल. मऊ ब्रश, टिपकागद, मास्क.)

सफाईला लागतो चित्रकाराचा रुंद, मऊ ब्रश. कागदाच्या मध्यापासून कडेकडे झटकायचं. कडेकडून आत आणलं तर फाटलेली टोकं अडकून आणखी फाटतात. ओला फडका अजिबात नको. मोडी कागदांची जुनी काळी शाई काजळ आणि डिंकाची, पाण्यानं फिसकटते. रबरी शिक्क्याचा जांभळा रंग तर ओल्या बोटानंही पसरतो. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे केले की पुरे. सुती हातमोज्यात कागदाची कड बोटांना जाणवत नाही आणि तो फाटतो. पांढरी-हिरवी भुरी, म्हणजे बुरशी दिसली तर मात्र एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, पंखा बंद, आणि तो गठ्ठा बाकीच्यांपासून दूर.

टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना मुंबईच्या हवेत गंजून कागदात रुततात. ओढून काढल्या तर भोकाभोवतीचा कागद सोबत येतो. कागद पालथा करून पिनेचे पाय पातळ सुरीनं आधी सरळ करायचे, मग वरून उचलायची. रबरबँड वितळून चिकटला असेल तर सुकलेला भाग तुकड्यातुकड्यानं निघतो, उरलेला डाग तसाच सोडा.

वर्तमानपत्राच्या पानाला बारीक भोकं आणि पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसला तर कसर लागलेली आहे. कोरडे कागद दोन प्लास्टिक पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान दोन आठवडे ठेवले की किडा आणि अंडी दोन्ही मरतात. घरचा फ्रीझर तेवढा गार होतो का, हे थर्मामीटर ठेवून आधी तपासा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. गार कागदाला बाहेरची दमट हवा लागली की त्यावरच पाणी धरतं. डांबराच्या गोळ्या किड्याला काही काळ लांब ठेवतात, पण त्यांची वाफ घरातल्यांच्या श्वासात जाते. वेखंडाची पुरचुंडी आपल्याकडे पोथ्यांत पूर्वापार ठेवतात. ठेवायची तर कापडात बांधून, कागदाला न चिकटवता.

आता लॅमिनेशन. हे सगळ्यांत जास्त घडतं, तेही मायेपोटी. आजोबांचा शाळेचा दाखला विरतोय म्हणून कुणीतरी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तो प्लास्टिकमध्ये बंद करून आणतो. त्या यंत्रात प्लास्टिकवरचा गोंद उष्णतेनं वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो. नंतर तो घरी सोडवता येत नाही. कागदातलं आम्ल आतच राहतं आणि काम करत राहतं. कड सुटली की तिथून दमट हवा शिरते, बाहेर मात्र पडत नाही. चिकटपट्टीचंही तेच: काही वर्षांत पट्टी गळून पडते, तिचा तपकिरी गोंद राहतो.

याऐवजी पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात कागद नुसता सरकवायचा, दोन बाजू उघड्या ठेवून. पाकिटाला नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर ते पीव्हीसी आहे, घेऊ नका. जुन्या झेरॉक्सची शाई त्याला चिकटून निघते. खोलीचे किंवा घराचे निळे नकाशे असतील तर ते उजेडात फिके पडतात आणि अल्कलीयुक्त कागदातही बिघडतात. त्यांना साधं, अल्कली नसलेलं वेष्टन आणि अंधार द्या.

(दृश्य: मोबाइल, दोन उशांवर उघडलेली जाड वही.)

प्रत काढायची ती स्कॅनरच्या काचेवर. कागद आपोआप ओढणाऱ्या यंत्रात जुना कागद घालू नका. मजकुरासाठी निदान ३०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके), बारीक शिक्के आणि फोटोंसाठी ६००. ए-फोर आकाराचं रंगीत पान ४०० डीपीआयनं टिफमध्ये (तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात) साठवलं तर सुमारे ४५ एमबी भरतं. म्हणजे पाचशे पानं ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतात. मूळ फाइल टिफमध्ये, नातेवाइकांना द्यायला जेपीईजी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो आवळला जातो आणि अंगठ्याच्या रेषा पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलला चिठ्ठीवरचाच क्रमांक द्या. "आजोबा नवीन २" असं नाव दिलं तर दहा वर्षांनी ते कुणालाच कळणार नाही.

बांधलेली वही काचेवर पालथी दाबली की शिवण तुटते. ती दोन उशांच्या आधारानं अर्धीच उघडायची, खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल पानाला समांतर धरून.

अशा वह्या कुठे असतात? ग्रामस्थ मंडळांकडे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा इथल्या गावांनी मुंबईत आपापली मंडळं काढली. एका गावचे गिरणी कामगार एका खोलीत पाळीपाळीनं राहत. वर्गणीची वही, सभेचं इतिवृत्त, खोलीतल्या माणसांची यादी: कोण कुठल्या वाडीचा, गिरणीच्या कुठल्या खात्यात, वर्गणी कधी थांबली. वर्गणी अचानक थांबली असेल तर पुढच्या सभेत बहुधा दुखवट्याचा ठराव सापडतो. घरोघरच्या पेटीत एकेका कुटुंबाची हकिगत असते, या वह्यांत सबंध वाडीची. मंडळाची खोली पाडली जाण्याआधी सेक्रेटरींना भेटा. वही घरी मागू नका, तिथंच बसून फोटो काढायची परवानगी मागा. ती बहुधा मिळते.

(दृश्य: काळा घोडा. एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत.)

घरचा कागद हातात असला की दफ्तराचं दार उघडतं. महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागाराची सुरुवात १८२१ सालची, आणि मुंबईतलं दालन एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पण कुटुंबाचा शोध घेणाऱ्याला आधी खालच्या पायरीवरची दफ्तरं लागतात. महापालिकेच्या विभाग कार्यालयातली जन्म-मृत्यूची नोंद. शाळेचं जनरल रजिस्टर, ज्यात जात, जन्मगाव आणि आधीची शाळा असते. गावाकडे गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, आणि नमुना ६ मधले फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल. वारसांची नावं फेरफारात एका जागी मिळतात. जागेचा माग काढताना जमिनीच्या मोजणीतला क्रमांक लागतो: शहर बेटावर सी. एस. नंबर, उपनगरात सी. टी. एस.

या कागदांचं मोल फक्त वंशावळीपुरतं नाही. जात पडताळणीत मानीव दिनांकाआधीचा, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचा पुरावा मागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाला कितीतरी वर्षं उलटल्यावर, गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करताना गिरणीत काम केल्याचा पुरावा द्यावा लागला. ज्यांनी बदली पास जपला होता, त्यांच्या हातात तो होता.

सरकारी कार्यालयात मात्र सगळंच कायम राहत नाही. अभिलेखांचं वर्गीकरण असतं: अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षं, क-१ दहा, क पाच आणि ड एक वर्ष. मुदत संपली की नियमानुसार नाश. म्हणून नक्कल मागायची ती आज, आणि अर्जात नावाबरोबर अंदाजे साल व गाव लिहून. नुसत्या आडनावावरून कुणी शोधून देत नाही. आणि जुन्या नोंदीत आडनाव नसूही शकतं. नाव, बापाचं नाव, जात, गाव एवढंच असतं.

सालाचा घोळ इथंच होतो. शके लिहिलं असेल तर ७८ मिळवायचे. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची मिती असेल तर बहुधा ७९. फसली, म्हणजे महसुली सनाला ५९० किंवा ५९१. मोडी कागदात सुहूर सन (मराठेशाहीतली कालगणना) अरबी शब्दांत येतो, एकक आधी: "सबा सबैन मया व अलफ" म्हणजे सात, सत्तर, शंभर, हजार, एकूण ११७७. त्यात ५९९ मिळवले की १७७६. हे वर्ष मृगाला बदलतं, त्यामुळे जानेवारी ते मृग या काळातल्या तारखेला ६०० मिळवावे लागतात. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. जाणकाराकडून वाचून घेताना लिप्यंतर ओळीला ओळ ठेवून मागा, अर्थ वेगळा. नुसता सारांश घेतला तर चूक नेमकी कुठल्या शब्दात झाली हे नंतर सापडत नाही.

(दृश्य: पावसाची झड. रस्त्यावर गुडघाभर पाणी.)

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या कपाटांचे खालचे खण तेव्हा पाण्यात होते. पेटी जमिनीपासून निदान वीतभर उंच, बाहेरच्या भिंतीपासून आणि मोरीपासून लांब ठेवा. कागद भिजलेच तर ४८ तासांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल तर बोटभर जाडीचे गठ्ठे बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. मग सवडीनं एकेक काढून टिपकागदांमध्ये वाळवता येतात. उन्हात नको, इस्त्री नको, हेअर ड्रायर नको. चिकटलेले फोटो ओढू नका, स्वच्छ गार पाण्यात ठेवले की बहुधा आपोआप सुटतात.

तीन प्रती ठेवा: एक घरात, एक वेगळ्या साधनावर, एक मुंबईबाहेर, गावच्या भावकीतल्या विश्वासाच्या माणसाकडे.

(दृश्य: नव्या इमारतीतली खोली. कपाटाच्या मधल्या खणात तीच पेटी, झाकणावर चिठ्ठी.)

दसऱ्यानंतर हवा कोरडी होऊ लागली की एका रविवारी पेटी उघडायची. सावलीत, पंखा मंद ठेवून, तासभर. सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या, कडा पाहायच्या, पेनड्राइव्हवरच्या चार-पाच फाइली उघडून बघायच्या. आणि त्याच वेळी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला शेजारी बसवून फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, चेहऱ्यांना आकडे द्यायचे, आणि ती सांगेल ती नावं लिहून घ्यायची: १ थोरली जाऊ, २ तिचा भाऊ, ३ शेजारची, नाव आठवत नाही, पण खोली नंबर ४२.