पगाराच्या स्लिपवरचे 200 रुपये

नमस्कार मंडळी. ही माझी पगाराची स्लिप. पीएफ कापला, तो माझाच आहे. त्याखाली ‘पीटी’, 200 रुपये. फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. हा व्यवसाय कर. तो कशासाठी सुरू झाला, हे थोड्या वेळानं सांगतो.

आमच्या ऑफिसात डबा उघडला की एक वाक्य हमखास येतं: “टॅक्स आम्ही भरायचा अन् सरकारनं फुकट वाटायचा.” रोख लाडक्या बहिणीवर. महिन्याला 1,500, वर्षाचे 18,000. पण 1 फेब्रुवारी 2025 ला याच मंडळींनी टाळ्या वाजवल्या होत्या. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, 12 लाख कमावणाऱ्याचे 80,000 वाचले. केंद्रानं त्या दिवशी सुमारे 1 लाख कोटींच्या प्रत्यक्ष करावर पाणी सोडलं.

“अरे, पण ते आमच्या कष्टाचे पैसे!” मान्य. स्वतःची कमाई राखणं आणि सरकारकडून पैसे घेणं यात फरक आहे. तिजोरीला मात्र तो दिसत नाही. रुपया आलाच नाही काय, आणि आलेला गेला काय, खड्डा तेवढाच पडतो. आणि आपल्या नागपूरच्या इतवारी बाजारातून तेल-साबण नेणारी बाई टॅक्स भरत नाही, असं कोण म्हणतं? तिच्या पिशवीतल्या वस्तूंवरही जीएसटी लागलेलाच असतो.

आता पक्षांकडे या. जुलै 2022 मध्ये पंतप्रधानांनी उत्तर प्रदेशातल्या जालौनच्या सभेत ‘रेवडी’, म्हणजे मतांसाठी फुकटच्या गोष्टी, वाटण्यावर सडकून टीका केली. दोन वर्षांनी विधानसभा तोंडावर आली आणि त्यांच्याच पक्षाच्या महायुतीनं लाडकी बहीण आणली. मग महायुतीनं 2,100 चं आश्वासन दिलं, महाविकास आघाडीनं 3,000 चं. बोली लागावी तसे आकडे चढत गेले. 12 लाखांची सवलतही दिल्लीच्या मतदानाआधी चार दिवस आली. मला राग योजनांचा नाही. महिन्याला 1,500 रुपयांनी एखाद्या घरात औषधं येतात, हे मी शेजारी पाहतो. राग याचा, की पैसा कुठून आणणार हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही.

पूर्वी सांगितलं होतं. 1972 चा दुष्काळ. शेतं उजाड, बायामाणसं खडी फोडायला उन्हात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना तेव्हा राज्यभर गेली. तिला पैसा हवा म्हणून 1975 मध्ये कायदा करून व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदारानं द्यायचं, त्यातून खेड्यातल्या रिकाम्या हाताला काम. 1977 मध्ये हमीचा कायदाही झाला, आणि 2005 मध्ये तीच वाट देशानं धरली. म्हणजे हे 200 रुपये अर्ध्या शतकापूर्वी लोकांना तोंडावर सांगून मागितलेले आहेत. आजचा कोणता पक्ष निवडणुकीआधी म्हणेल, की ही योजना आणतोय आणि तिच्यासाठी हा कर लावतोय?

न सांगता पैसा उभा करायचा, तर तो दुसरीकडून वळवावा लागतो. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर तक्रार केली, की आपल्या खात्याचा निधी लाडक्या बहिणीकडे वळवला. ज्याच्या निधीतून दलित मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहं चालतात, ते हे खातं! कुणाच्या ताटातून काढून कुणाला वाढलं, ते बघा.

हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत चालतं. डिसेंबर 2024 मध्ये आपल्या सिव्हिल लाइन्सच्या विधान भवनात तीस हजार कोटींहून जास्त रकमेच्या पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटवरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या गेल्या, त्यात 1,400 कोटी लाडक्या बहिणीचे होते. अधिवेशनाच्या दिवसांत आपण फक्त कोणता रस्ता बंद आहे ते बघतो. पुढच्या डिसेंबरात ते पुरवणी मागण्यांचं पुस्तक घेऊन मी इथंच बसणार आहे, खातं दर खातं वाचायला. तोवर तुमचे आमदार भेटले, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, एवढं विचारा: “भाऊ, हे पैसे कोणत्या खात्यातून काढले?” काय उत्तर मिळालं, ते खाली कमेंटमध्ये लिहा.