बेळगावच्या तारखा

नमस्कार मंडळी,

आमच्या बेळगावात १ नोव्हेंबर दोनदा उजाडतो. चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे, कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक. आणि त्याच सकाळी आमच्या गल्लीतली माणसं काळ्या फिती लावून सायकल फेरीला निघालेली. १९५६ मध्ये या दिवशी बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेलं, म्हणून आमचा हा काळा दिन. शाळेत झेंड्यापुढे गाणं म्हणून घरी यायचं, तर दारात बाबा दंडावर काळी फीत बांधून उभे. लहानपणी त्यात काही वावगं वाटलं नाही.

तारीख कशी वापरायची हे सरकारला नेमकं कळतं. म्हैसूरचं कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. बेळगावचं बेळगावी झालं तेही १ नोव्हेंबरलाच, २०१४ साली. नाव बदलल्याचं दुःख मिरवणुकीच्या गलबल्यात बुडून गेलं.

कित्तूर उत्सवाबद्दल माझी तक्रार नाही. राणी चन्नम्मानं १८२४ मध्ये इंग्रजांना हरवलं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण २०२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बेळगाव काँग्रेसची शताब्दी आली, शहर दिव्यांनी झगमगलं, आणि मला सारखे गंगाधरराव देशपांडे आठवत राहिले. १९२४ चं ते अधिवेशन उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा. टिळकांचे निष्ठावंत. लोक त्यांना ‘कर्नाटक सिंह’ म्हणत, आणि आपल्या आठवणी त्यांनी लिहिल्या मराठीत! सरकारला त्यांच्यातला सिंह हवा, मराठी नको. आणि आपण? बिरुदात ‘कर्नाटक’ दिसलं म्हणून आपणही त्यांना सोडून दिलं. हे मला फार लागतं.

आता १७ जानेवारी. १९५६ साली त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात बेळगावात आणि निपाणीत गोळीबार झाला. पैलवान मारुती बेन्नाळकर, निपाणीच्या कमळाबाई मोहिते आणि आणखी काहीजण गेले. तेव्हा हा भाग मुंबई राज्यातच होता, हे आपल्यातले कितीजण जाणतात? ही तारीख जिवंत राहिली ती सरकारी खर्चावर नाही. दरवर्षी हुतात्मा चौकात जाऊन उभ्या राहणाऱ्या माणसांनी ती जपली.

आपलं मंडळ १ मे थाटात करतं. माझी विनंती आहे, यंदा १७ जानेवारीलाही जमूया. हुतात्म्यांची नावं मुलांनी वाचावीत, आणि त्याच बैठकीत गंगाधररावांबद्दलही कुणीतरी बोलावं. जागा माझ्या घरी आहे, चहाही मी करीन.