अ‍ॅपच्या दुकानाची अडत आणि मागचं दार

श्रोतेहो, नमस्कार.

वडापाव घरी मागवायचं अ‍ॅप आणि वडापाव करायला शिकवणारं अ‍ॅप, दोन्ही तुमच्या फोनवर एकाच दुकानातून येतात. पहिल्यावरून १०० रुपयांची ऑर्डर दिलीत तर अ‍ॅप स्टोअर त्यातला एक पैसा घेत नाही. दुसऱ्यात १०० रुपयांची वर्गणी भरलीत, तर आजवर त्यातले १५ रुपये, काही वेळा ३०, दुकानदाराच्या गल्ल्यात जात आले आहेत. पहिली वस्तू हातात येते, दुसरी पडद्यावरच राहते, एवढाच फरक. टॅक्सी, एसटीचं तिकीट, किराणा यांना अडत, म्हणजे दुकानाचं कमिशन, द्यावी लागत नाही. गेममधली नाणी, ऑडिओ कादंबऱ्या, रेकॉर्ड केलेले क्लास, वधूवर सूचक अ‍ॅपची वर्गणी, यांना आहे.

हा नियम कुठल्या सरकारनं केलेला नाही, दुकानानंच केला आहे. आज बोलायचंय ते या अडतीबद्दल, आणि तिच्याशी बांधलेल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे दुकान टाळून फोनमध्ये अ‍ॅप टाकण्याबद्दल. जाणकार त्याला साइडलोडिंग म्हणतात. आपण मागचं दार म्हणू.

अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ ला उघडलं, तेव्हा त्यात ५०० अ‍ॅप होती आणि दर होता ३० टक्के. गुगलनं त्याच वर्षी तोच दर उचलला. त्या काळी हा दर कोणाला जड वाटला नाही. आपल्याकडे कॉलर ट्यूनच्या पैशातला निम्म्याहून मोठा वाटा मोबाईल कंपन्याच ठेवत होत्या, हे आठवून पाहा. पुढे आरडाओरडा वाढला तसे दर थोडे उतरले. २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्यांना अ‍ॅपलनं १५ टक्के केले. गुगलनं त्याच वर्षी प्रत्येकाच्या पहिल्या १० लाख डॉलरना १५ टक्के लावले आणि २०२२ पासून वर्गणीवर पहिल्या दिवसापासून १५. भारतात हे शुल्क अवघ्या ३ टक्के डेव्हलपरना, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांना, भरावं लागतं, असं गुगल सांगते. आकडा खरा असेलही. पण ज्यांचा धंदाच पडद्यावर चालतो ते सगळे त्या तिघांतच येतात.

आता अडत टिकते कशामुळे ते बघू. आयफोनवर चालणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपवर डिजिटल सही लागते, आणि त्या सहीचं प्रमाणपत्र अ‍ॅपलनंच दिलेलं असावं लागतं. नसेल तर फोन तो प्रोग्रॅम सुरूच करत नाही. फुकट खात्यावर स्वतःचं अ‍ॅप स्वतःच्याच फोनवर टाकलंत तरी ते ७ दिवसांत बंद पडतं. नीट काम करायचं तर वर्षाला ९९ डॉलर भरा. अँड्रॉइडवरही सही लागते, पण ती कोणाचीही चालते, अगदी घरी बनवलेलीसुद्धा. फोन फक्त एवढं तपासतो की नव्या आवृत्तीवरची सही जुन्याच हाताची आहे का. म्हणजे अँड्रॉइडला मागचं दार पहिल्यापासून आहे आणि आयफोनला तिथे भिंत आहे. दार एकच असलं की टोल लावायला कोणाला विचारावं लागत नाही.

यावरचं सगळ्यात गाजलेलं भांडण फोर्टनाइट या गेमचं. १३ ऑगस्ट २०२० ला एपिक गेम्स कंपनीनं त्यात स्वतःची पैसे भरायची सोय मुद्दाम घुसवली आणि त्याच दिवशी दोन्ही दुकानांनी गेम काढून टाकला. एपिककडे दावे तयारच होते. अ‍ॅपलविरुद्धच्या अमेरिकेतल्या खटल्यात सप्टेंबर २०२१ ला न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी बहुतेक मुद्द्यांवर अ‍ॅपलच्या बाजूनं निकाल दिला. एक मात्र बजावलं: बाहेर स्वस्त मिळतं, असं सांगणारी पाटी अ‍ॅपमध्ये लावायला मनाई करू नका. अ‍ॅपलनं २०२४ मध्ये पाटीला परवानगी दिली, आणि पाटीवरून बाहेर जाऊन झालेल्या खरेदीवर २७ टक्के शुल्क लावलं. कार्डाचा खर्च जवळपास ३ टक्के धरा. बेरीज तुम्हीच करा. शेवटी ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायाधीशांनी हा कोर्टाचा जाणूनबुजून केलेला अवमान ठरवला. गुगलविरुद्ध मात्र ज्युरीनं डिसेंबर २०२३ मध्ये एपिकच्या बाजूनं कौल दिला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दोघांनी कोर्टापुढे ठेवलेल्या तडजोडीत शुल्काची कमाल मर्यादा व्यवहाराच्या प्रकारानुसार ९ किंवा २० टक्के असावी असं सुचवलं.

आपल्याकडची कथाही फार वेगळी नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑक्टोबर २०२२ ला प्ले स्टोअरच्या सक्तीच्या बिलिंगबद्दल गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तो २१६.६९ कोटींवर आणला. दरम्यान गुगलनं दुसऱ्या गेटवेतून, म्हणजे ऑनलाइन पैसे भरून घेणाऱ्या दुसऱ्या कंपनीमार्फत, पैसे घ्यायची मुभा दिली आणि तसं केल्यास शुल्कात ४ टक्के सूट ठेवली. १५ चे ११, ३० चे २६. आता १०० रुपयांच्या वर्गणीचा हिशोब मांडू. प्लेच्या खिडकीतून डेव्हलपरला ८५ मिळतात. स्वतःच्या गेटवेतून गुगलला ११ आणि कार्डाला साधारण २ गेले की उरतात ८७. या दोन रुपयांसाठी परतावे, अडकलेले व्यवहार, ग्राहकांचे फोन, सगळं डेव्हलपरनं सांभाळायचं. यूपीआयवर व्यापारी शुल्क २०२० पासून शून्य असलं तरी गेटवे कंपनी आपल्या सेवेचं काहीतरी घेतेच. एवढ्यासाठी कोण दुसरा गेटवे बसवेल?

बसवला नाही, शुल्कही भरलं नाही, तर काय होतं ते १ मार्च २०२४ ला दिसलं. शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी, नोकरी, ९९ एकर्स, कुकू एफएम अशी अ‍ॅप प्ले स्टोअरवरून उडाली. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी हस्तक्षेप केल्यावर चार-पाच दिवसांत ती परतली, शुल्काचा वाद तसाच राहिला. त्याआधी आठवडाभर, २१ फेब्रुवारीला, फोनपेनं इंडस अ‍ॅपस्टोअर उघडलं होतं. मराठीसह १२ भारतीय भाषा, आणि डेव्हलपरनं स्वतःचा गेटवे वापरला तर अडत नाही. पण हे दुकान प्ले स्टोअरमध्ये मिळत नाही. फोनमध्ये आधीपासून नसेल तर ते आणायला मागच्या दारानंच जावं लागतं. प्ले स्टोअरमध्ये इतर दुकानांना जागा द्या आणि साइडलोडिंगला अडथळे आणू नका, असे आदेश आयोगानं २०२२ च्या दुसऱ्या एका निकालात दिले होते. मार्च २०२३ मध्ये न्यायाधिकरणानं ते रद्द केले.

दोन्ही कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं: हे सगळं ग्राहकाच्या सुरक्षेसाठी. यात तथ्य आहे, त्याकडे येतोच. पण पहारेकरी आणि टोलनाका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याचा पुरावा अ‍ॅपलनं स्वतःच दिला आहे. मॅक संगणकावर दुकानाबाहेरचं सॉफ्टवेअर रीतसर चालतं. डेव्हलपर ते अ‍ॅपलकडे तपासायला पाठवतो, व्हायरस नाही असा शिक्का मिळतो, आणि विक्रीवर अडत शून्य. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवरही दुसरी दुकानं आली, तेव्हा हाच शिक्का लागू झाला. फक्त त्यासोबत एक नवं शुल्क आलं: वर्षाला १० लाख इन्स्टॉलनंतर प्रत्येक इन्स्टॉलमागे अर्धा युरो. सुरुवातीला तर फुकट वाटायच्या अ‍ॅपनाही. नाक्याचं नाव बदललं, वसुली थांबली नाही.

अँड्रॉइडवर आता उलटी हालचाल आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलनं जाहीर केलं, की सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून इतरत्र, ओळख पटवलेल्या डेव्हलपरचंच अ‍ॅप फोनवर बसेल, मग ते कुठूनही आणलेलं असो. खुल्या सॉफ्टवेअरचं दुकान एफ-ड्रॉइडनं याला कडाडून विरोध केला. ते इतरांची अ‍ॅप मूळ कोडपासून स्वतः बनवून बहुधा आपल्याच सहीनं देतात. अशा अ‍ॅपचा नोंदणीकृत मालक कोण म्हणायचा? विरोध वाढल्यावर जाणत्या वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असं गुगलनं नोव्हेंबरमध्ये सांगितलं. ओळख पटवून घेण्यात गैर काही नाही. पण तो दाखला फक्त टोलवाल्याकडेच मिळणार असेल, तर मागच्या दाराची किल्लीही त्याच्याच कमरेला लागली.

आता प्रत्यक्ष काम. अँड्रॉइडवर बाहेरचं अ‍ॅप टाकायचंच असेल तर फाइल डेव्हलपरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा एफ-ड्रॉइडसारख्या ओळखीच्या ठिकाणाहून घ्या. अँड्रॉइड अ‍ॅपच्या फाइलला एपीके म्हणतात, आणि तिचे प्रकार असतात. बहुतेक नव्या फोनना आर्म-६४, म्हणजे ६४ बिटच्या प्रोसेसरची, चालते. २ जीबी रॅमच्या स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा ३२ बिटचीच प्रणाली असते, तिथे ती बसत नाही आणि फोन म्हणतो, अ‍ॅप सुसंगत नाही. पार्स करताना अडचण आली असा संदेश आला तर डाउनलोड अर्धवट आहे, किंवा अ‍ॅपला तुमच्यापेक्षा नवं अँड्रॉइड हवंय. अ‍ॅप बसतं पण उघडताच बंद पडतं, याचं नेहमीचं कारण वेगळं. ऑगस्ट २०२१ पासून प्लेवर येणारी नवी अ‍ॅप तुकड्यांत दिली जातात. पाया, भाषा, पडद्याची पिक्सेल-घनता असे. कोणीतरी त्यातला एकच तुकडा काढून तुम्हाला दिलेला असतो.

संकेतस्थळावर शा-२५६ नावाचा ६४ अक्षरांचा ठसा दिलेला असेल तर तो उतरवलेल्या फाइलच्या ठशाशी जुळवा; एक अक्षर चुकलं तरी फाइल टाकून द्या. मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, विशेष अ‍ॅक्सेस, अज्ञात अ‍ॅप्स इन्स्टॉल करणे, इथे फक्त ब्राउझरला परवानगी द्या आणि काम झालं की काढून घ्या. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी अ‍ॅपनिहाय असते. व्हॉट्सअ‍ॅपला ती कधीच देऊ नका.

आणखी एक ठेच. एफ-ड्रॉइडवरून टाकलेलं अ‍ॅप प्लेवरून अपडेट करायला गेलात, तर बहुतेक वेळा जुन्या पॅकेजशी संघर्ष होतो असं फोन सांगतो, कारण सह्या दोन वेगळ्या हातांच्या. लोक जुनं काढून नवं टाकतात, आणि आतली सगळी माहिती जाते. आधी अ‍ॅपमधूनच बॅकअप काढा.

आता सुरक्षेचं तथ्य. वाहतुकीचा दंड, लग्नपत्रिका, पीएम किसानचा हप्ता, बँकेचं केवायसी, अशा नावांच्या एपीके व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात. पहिलं अ‍ॅप निरुपद्रवी दिसतं. ते फक्त अपडेट हवंय असा पडदा दाखवतं आणि खरं दुखणं दुसऱ्या फाइलमधून आत आणतं. मग एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. अनेकदा ते स्वतःचं चिन्हही लपवतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या अ‍ॅपना अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे पडदा वाचून तुमच्या वतीनं बटणं दाबायची, परवानगी सहज मिळत नाही. ती कुलुपं उघडायच्या पायऱ्या कोणी फोनवरून सांगत असेल तर तो मदतनीस नव्हे. खरा दंड महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकून दिसतो. त्यासाठी एपीके लागत नाही.

असं अ‍ॅप चुकून बसलंच तर आधी विमान मोड लावा आणि वायफायही बंद करा. पॉवर ऑफ हा पर्याय दाबून धरला की बऱ्याच फोनमध्ये सेफ मोड येतो. त्यात आपण नंतर टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत. सुरक्षा सेटिंग्जमध्ये डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्सच्या यादीतून त्या घातक अ‍ॅपचा हक्क काढा, नाहीतर अनइन्स्टॉलचं बटण दाबताच येत नाही. डीफॉल्ट एसएमएस अ‍ॅप कोणतं आहे तेही पाहा. पासवर्ड बदलायचे ते या फोनवरून नव्हे. पैसे गेले असतील किंवा शंका असेल तर हे सगळं नंतर. आधी घरातला दुसरा फोन घ्या, बँकेला खातं थांबवायला सांगा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा.

नमस्कार.