जुनी गाडी, राज्याची हद्द आणि रोड टॅक्स

मंडळी, जुनी गाडी बघायला गेलेला माणूस टायर बघतो, बॉनेट उघडून इंजिनचा आवाज ऐकतो, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो. हे सगळं योग्यच आहे. पण आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हातात आली की मालकाचं नाव आणि गाडीचं वर्ष तेवढं वाचून परत देतो. त्या आरसीवर गाडी कुठल्या राज्याची आहे, कुठल्या प्रकारात नोंदली आहे, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे सगळं लिहिलेलं असतं. तुम्ही विक्रेत्याला देणार ती रक्कम शेवटची, की तिच्यावर आणखी लाखभर रुपये मोजावे लागणार, हे त्यातूनच कळतं. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकतो. रोड टॅक्स गाडीवर बसतो आणि गाडीबरोबरच फिरतो, पण फक्त राज्याच्या हद्दीपर्यंत. हद्द ओलांडली की हिशेब पुन्हा मांडावा लागतो. जुनी गाडी घेताना टॅक्सबाबत जेवढ्या माणसांची फसगत झालेली मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांना यातलं अर्धंच ठाऊक होतं.

आधी सोपी बाजू घेऊ. आपल्याकडे महाराष्ट्रात मोटार वाहन कराचा कायदा १९५८ चा आहे. खासगी कारवर त्यानुसार एकरकमी कर असतो. आपण त्याला लाइफटाइम टॅक्स किंवा वन टाइम टॅक्स म्हणतो. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला किंमत दहा लाखांपर्यंत असेल तर ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के, त्यापुढे १३ टक्के. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के. गाडी कंपनीच्या नावावर किंवा परदेशातून आणलेली असेल तर २० टक्के. हा कर पहिल्या मालकाने नवी गाडी घेतानाच भरलेला असतो. त्यामुळे पुण्यातल्या माणसाने नाशिकच्या माणसाची गाडी घेतली तर रोड टॅक्स पुन्हा भरायचा नसतो. गाडीचा नंबरही तोच राहतो. विक्रेत्याची आणि तुमची सही असलेले फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, आणि कारसाठी ३०० रुपये हस्तांतरण शुल्क, एवढ्यावर गाडी नावावर होते. स्मार्ट कार्डाचे, टपालाचे आणखी थोडे पैसे लागतात.

हे मी मुद्दाम रुपयांत सांगतो आहे. ‘टॅक्सचा फरक भरावा लागेल’ असं कुणी मोघम सांगितलं आणि गाडी महाराष्ट्रातली, खासगी, व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाणारी असेल, तर त्याला शांतपणे विचारा: कोणत्या नावाखाली, किती, आणि सरकारी पावती कुठे आहे? आता शुल्क ऑनलाइन भरता येतं आणि पावती तुमच्या मोबाइलवर येते. पावती नसेल तर तो टॅक्स नाही. गाडी स्वतःच्या फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर घेणार असाल तर मात्र आरटीओत आधी विचारून घ्या, कारण तिथे दरच वेगळा आहे.

आता दुसरी बाजू. देश एक असताना टॅक्स दोनदा का, हा प्रश्न लोक चिडून विचारतात आणि त्यांचं चिडणं मला समजतं. याचं उत्तर राज्यघटनेत आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ५७ व्या नोंदीने वाहनांवरचा कर राज्यांकडे दिला. २०१७ मध्ये जीएसटी आला, पुष्कळ कर त्यात विरघळले, पण हा विरघळला नाही. म्हणून प्रत्येक राज्याचा दर वेगळा. दिल्लीत पेट्रोल गाडीला सहा लाखांपर्यंत ४ टक्के, सहा ते दहा लाखांत ७ टक्के, त्यापुढे १० टक्के. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला दिल्लीत ५६ हजार पडतात, आपल्याकडे ८८ हजार. कर्नाटकात दर १३ पासून १८ टक्क्यांपर्यंत चढतो आणि त्यावर उपकर असतो. कोल्हापूरची गाडी बेळगावला कायमची नेणाऱ्याला हा चटका उलट्या दिशेने बसतो.

दिल्लीचं नाव मी उगाच घेतलं नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. तेव्हापासून सात-आठ वर्षं झालेल्या डिझेल गाड्या तिथून बाहेर पडू लागल्या. गाडी दिसायला उत्तम, भाव आपल्यापेक्षा बराच खाली. आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या बाजारात ‘दिल्ली पासिंग’, म्हणजे दिल्लीत नोंदलेली गाडी, हा शब्द सगळ्यांना माहीत आहे.

साताऱ्याकडच्या एका कुटुंबाने अशीच एक डिझेल एसयूव्ही घेतली. नवी असताना किंमत बारा लाख. त्यांना साडेचार लाखांत मिळाली. इथे तशाच गाडीला साडेपाच सांगत होते. लाखभर वाचले म्हणून घरात आनंद. मग आरटीओत गेल्यावर कळलं की टॅक्सचा हिशेब त्यांनी दिलेल्या साडेचार लाखांवर होणार नाही. तो गाडीच्या मूळ किमतीवरून होतो. बारा लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्क्यांनी १ लाख ६८ हजार. त्यातून गाडीच्या वयाप्रमाणे सूट मिळते, उरलेले भरायचे. वाचलेल्या लाखातला मोठा भाग तिथेच गेला. एनओसीसाठी, म्हणजे तिथल्या आरटीओच्या ना हरकत पत्रासाठी, दिल्लीची फेरी आणि तिथे राहण्याचा खर्च वेगळा. त्या घरातले मोठे भाऊ मला म्हणाले, ‘आम्हाला टॅक्सचं कुणी सांगितलंच नाही.’ विकणाऱ्याने तोंड उघडलं नव्हतं. ही गोष्ट मला फार लागते, कारण गाडीचं वर्ष आणि मूळ किंमत माहीत असली की आरटीओच्या खिडकीवर हा आकडा व्यवहाराआधी विचारता येतो. भाव ठरवण्याआधी एक चक्कर मारायची, एवढंच.

परराज्यातली गाडी स्वस्त आहे की महाग, हे ठरवताना म्हणून आधी बेरीज करा: गाडीची किंमत, इथला टॅक्स, नव्या नंबरचं शुल्क, नवीन नंबर प्लेट, आणण्याचा खर्च. ही बेरीज इथल्या तशाच गाडीच्या भावाशेजारी ठेवा. फरक दहा-वीस हजारांचा निघाला तर माझं स्पष्ट मत आहे, इथलीच गाडी घ्या. कारण तिचा सर्व्हिसचा इतिहास तुम्हाला तपासता येतो आणि आधीचा मालक पुन्हा भेटू शकतो.

इथे बारा महिन्यांचा एक गैरसमज आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७: दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथे राहिली तर इथला नंबर घ्यावा लागतो. लोक याचा अर्थ ‘वर्षभर टॅक्स माफ’ असा काढतात. कलम ४७ नोंदणीबद्दल आहे. कराचा कायदा राज्याचा, आणि तो राज्यात वापरात असलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या गाडीला लागतो. गोव्याहून चार दिवस सावंतवाडीला आलेल्या पाहुण्याने घाबरायचं कारण नाही. पण तुम्ही इथले रहिवासी, गाडी तुम्ही विकत घेतलेली, ती रोज तुमच्या दारात उभी. अशा वेळी बारा महिन्यांची वाट बघत बसू नका.

आता कागदाबद्दल. परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते, म्हणजे फॉर्म २८. त्या फॉर्मवर एक मोकळी जागा असते. चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, नंबर कोरलेला असतो, त्यावर पातळ कागदाची पट्टी धरून वरून पेन्सिल घासायची. अक्षरं कागदावर उमटतात. ती पट्टी फॉर्मवर लागते. हे काम होत असताना तुम्ही स्वतः गाडीशेजारी उभे राहा आणि उमटलेला नंबर आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. घासून काढलेला, पुन्हा ठोकलेला नंबर पेन्सिलखाली लगेच जाणवतो, रेषा खडबडीत येतात. असा संशय आला तर भाव कितीही चांगला असो, परत फिरा.

गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेचं नाव असतं. कर्ज फिटलं तरी ते आपोआप जात नाही; फॉर्म ३५ वर बँकेची सही घेऊन बोजा उतरवावा लागतो. ‘बोजा नंतर उतरवून देतो’ म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका. आधी भरलेला पण पुढे न वापरलेला टॅक्स मूळ राज्याकडून परत मागता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. गाडी नव्या राज्यात नोंदली, तिथे टॅक्स भरला, याचा पुरावा त्यासाठी लागतो. म्हणजे पुरावा खरेदीदाराकडे, आणि टॅक्स भरलेला असतो विक्रेत्याने. दोघं एकमेकांना व्यवहारानंतर ओळखही दाखवत नाहीत आणि पैसे सरकारकडेच राहतात. परतावा कुणी मागायचा, आलेले पैसे कुणाचे, हे व्यवहाराच्या कागदावर दोन ओळींत लिहून घ्या.

बीएच, म्हणजे राज्य बदललं तरी तोच चालणाऱ्या ‘भारत’ मालिकेतल्या नंबरच्या जुन्या गाड्याही आता बाजारात येऊ लागल्या आहेत. ही मालिका सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. सरकारी नोकर, संरक्षण दलातले लोक, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी. तिथे टॅक्स एकरकमी नसतो, दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. त्यामुळे अशी गाडी घेताना पहिला प्रश्न, टॅक्स कुठल्या तारखेपर्यंत भरला आहे. दुसरा प्रश्न, तुम्ही स्वतः त्या नंबरला पात्र आहात का. नसाल तर राज्याचा नंबर घेऊन राज्याचा टॅक्स भरावा लागतो, आणि ती रक्कम लहान नसते. विक्रेत्याने पहिल्या वेळी थोडाच टॅक्स भरलेला असतो. भाव ठरताना हे बोललं गेलं पाहिजे.

टॅक्सी किंवा टुरिस्ट म्हणून चाललेली गाडी असेल तर थकबाकी बघा. व्यावसायिक वाहनांचा कर ठरावीक मुदतीने भरायचा असतो, आणि मागची बाकी गाडीबरोबर नव्या मालकापर्यंत येते, व्याजासह. पंधरा वर्षं झालेली कार असेल तर पुनर्नोंदणीचा खर्च धरा. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्कच ५,००० रुपये आहे, शिवाय आपल्याकडे पर्यावरण कर. आणि जीएसटीबद्दल: जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के, हे ऐकून लोक घाबरले. तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर आहे. शेजाऱ्याची गाडी घेताय, तर त्याचा संबंध नाही.

विकणाऱ्यांसाठीही दोन शब्द बोलतो. गाडी दिली, पैसे घेतले, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळे झाले, असं करू नका. त्याच राज्यात विकली तर चौदा दिवसांत विक्रेत्याने आरटीओला कळवायचं असतं, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करायची असते. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल आहे. मूळ मालकाने २००७ मध्ये गाडी विकली. पुढे ती आणखी काही हातांतून गेली, नोंदणीवरचं नाव मात्र कुणीच बदललं नाही. २००९ मध्ये अपघात झाला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीवर ज्याचं नाव होतं त्याच्यावर ठेवली, म्हणजे दोन वर्षांपूर्वी गाडी विकून बसलेल्या माणसावर.

(व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं, ‘सर, माझे वडील गेले. गाडी त्यांच्या नावावर आहे. आम्हाला टॅक्स पडेल का?’)

ताई, गाडी महाराष्ट्रातच राहणार असेल तर टॅक्स पुन्हा नाही, तो वडिलांनी भरलेला आहे. तुम्हाला फॉर्म ३१ लागेल, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. वडील गेल्याचं आणि गाडी तुम्ही वापरणार असल्याचं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि तीन महिन्यांच्या आत नावावर करायची असते. विमाही तुमच्या नावावर करून घ्या, ते लोक विसरतात. तुमच्याकडे आरसी आहे ना? दाखवा, बोजा आहे का ते आत्ताच बघू.