निकालानंतरची पडझड आणि खरेदीभावाचा प्रश्न

मित्रहो,

कंपनीचा तिमाही निकाल निराशाजनक लागला आणि बाजार उघडताच भाव कोसळला, की छोट्या गुंतवणूकदाराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘माझा भाव परत केव्हा येईल?’ हा. घाईघाईने विकून टाकणे, हट्टाने धरून ठेवणे, आणखी घेऊन सरासरी खाली आणणे या वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या प्रतिक्रिया बहुतेक वेळा याच एका प्रश्नाच्या पोटातून निघतात, असे माझे मत आहे. म्हणून आज मी प्रामुख्याने त्याच्याविषयीच बोलणार आहे.

निकालाच्या दिवशी नेमके काय घडते ते आधी पाहू. नेटफ्लिक्स या कंपनीने १९ एप्रिल २०२२ रोजी बाजार बंद झाल्यानंतर जानेवारी ते मार्च या तिमाहीचा निकाल जाहीर केला. विक्री आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी वाढली होती आणि निव्वळ नफा दीड अब्ज डॉलरच्या वर होता. तरीही दुसऱ्या दिवशी शेअर एका सत्रात ३५ टक्के घसरला. कारण कंपनीने स्वतःच तिमाहीत २५ लाख नवे ग्राहक मिळतील असा अंदाज दिला होता आणि प्रत्यक्षात असलेल्यांतले २ लाख कमी झाले होते. भावात मागच्या तिमाहीचा नफा नसतो, पुढच्या कित्येक वर्षांच्या नफ्याची अपेक्षा असते. नफ्यात असलेली कंपनी एका दिवसात एक तृतीयांशाहून अधिक मूल्य कशी गमावते, हे कोडे त्यामुळे फारसे अवघड राहत नाही. ‘एवढा नफा असताना भाव का पाडला?’ असे चिडून विचारणारा गुंतवणूकदार भाव कुणीतरी मुद्दाम पाडला असे गृहीत धरतो, आणि त्या गृहीतकापाशीच त्याचा निकालाचा अभ्यास थांबतो.

याच निकालाकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. कंपनीने रशियातील सेवा बंद केल्यामुळे सुमारे ७ लाख ग्राहक गेले होते. ते वगळले तर आकडा ५ लाखांच्या वाढीचा निघतो. एकदाच घडणारी ही घटना होती आणि निकालपत्रात ती स्पष्ट लिहिलेली होती. ‘घट तात्पुरती आहे’ असे म्हणणाऱ्याला एवढा आधार पुरला असता. पण त्याच पत्रात, पुढच्या तिमाहीत आणखी २० लाख ग्राहक कमी होतील असाही कंपनीचा अंदाज होता आणि त्याचे खापर रशियावर फोडता येण्यासारखे नव्हते. स्पर्धा वाढली आहे आणि एकाच पासवर्डवर अनेक घरे सेवा पाहत आहेत, हेही कंपनीने मान्य केले होते. एकाच कागदावर दिलासा देणारा आकडा आणि काळजी वाढवणारा आकडा शेजारी शेजारी होते. ज्याने चढ्या भावाने घेतले होते, त्याची नजर दिलाशाच्या आकड्यावर खिळते. नुकतेच विकून मोकळा झालेला माणूस दुसरा आकडा वाचतो. कागद एकच असतो. वाचणाऱ्याचा खरेदीभाव मात्र वेगळा असतो.

डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार माणूस नफातोटा एकूण संपत्तीवरून मोजत नाही. मनात धरलेल्या एका संदर्भबिंदूपासून मोजतो, आणि त्या बिंदूच्या खालचा तोटा त्याला तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा कितीतरी अधिक टोचतो. शेअरच्या बाबतीत तो बिंदू बहुधा खरेदीभाव असतो. हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये यावरूनच एक निरीक्षण मांडले, की लोक वाढलेले शेअर लवकर विकतात आणि पडलेले धरून ठेवतात. पुढे टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतील एका दलाली पेढीच्या १०,००० खात्यांचे १९८७ ते १९९३ या काळातील व्यवहार तपासले आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा नेमके हेच दिसले. लोकांनी विकलेल्या नफ्यातल्या शेअरांनी पुढच्या वर्षभरात त्यांनी सांभाळून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्के अधिक परतावा दिला. वर्षातला अपवाद फक्त डिसेंबरचा होता, कारण करात वजावट मिळवण्यासाठी त्या महिन्यात लोक तोट्यातले शेअर विकत होते. याचा अर्थ तोटा पत्करणे माणसाला अशक्य नसते. त्याला एखादे सन्मानाचे निमित्त मिळाले की तो पत्करतो. मला या अभ्यासातली ही बाब सर्वांत बोलकी वाटते.

‘विकेपर्यंत तोटा कागदावरच असतो’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे, आणि बहुतेकांनी म्हटलेही असेल. मग आठवडाभरापूर्वी दिसणारा नफाही कागदावरचाच होता, पण त्याची बेरीज करताना कुणी कागदाची आठवण काढत नाही. शिवाय टक्केवारीचे गणित या वाक्याला जुमानत नाही. २० टक्के पडलेल्या शेअरला मूळ भावावर यायला २५ टक्के वाढावे लागते, ३५ टक्के पडलेल्याला जवळपास ५४ टक्के, आणि निम्म्यावर आलेल्याला दुप्पट व्हावे लागते. तेवढी वाढ दुसरीकडे लवकर मिळण्याची शक्यता असेल, तर ती याच शेअरकडून वसूल करण्याचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

सरासरी खाली आणण्याविषयी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण निकालानंतरच्या दिवसांत सर्वाधिक पैसा तिथे अडकतो. समजा, ४०० च्या भावाने १०० शेअर घेतले आणि निकालानंतर भाव २६० वर आला. आणखी १०० घेतले की सरासरी ३३० होते. आता बरोबरीत यायला ५४ ऐवजी २७ टक्के वाढ पुरते, आणि मन हलके होते. मात्र आधी ४०,००० गुंतलेले होते, ते आता ६६,००० झाले. भाव आणखी खाली २०० वर गेला तर पहिल्या स्थितीत तोटा २०,००० झाला असता. आता तो २६,००० होईल. कंपनीच्या व्यवसायात या खरेदीने काडीचाही फरक पडलेला नाही. सरासरी काढणे सरसकट चूक आहे असे मी म्हणणार नाही. निकाल वाचून, कंपनीची किंमत २६० पेक्षा बरीच अधिक आहे असे ज्याला सकारण वाटते, त्याने घ्यावे. पण ज्याच्याकडे हा शेअर आधी मुळीच नव्हता, अशा माणसालाही आपण आज तो घ्यायला सांगू का, हे पाहावे. उत्तर नाही असे आले, तर ती खरेदी आपण मनातल्या आकड्यासाठी करत आहोत असे समजावे.

मोठे गुंतवणूकदार यातून सुटतात असे नाही. नेटफ्लिक्सचा शेअर जानेवारी २०२२ मध्येही एका निकालानंतर जोरात पडला होता आणि तेव्हा अमेरिकी गुंतवणूकदार बिल ॲकमन यांच्या पर्शिंग स्क्वेअर या गुंतवणूक संस्थेने त्याचे ३१ लाखांहून अधिक शेअर घेतले होते. एप्रिलची घसरण झाल्यावर त्यांनी ते सगळे विकले आणि ४० कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसला. कंपनीचे भवितव्य पुरेशा खात्रीने वर्तवता येईल हा आमचा विश्वास आता उरलेला नाही, असे कारण त्यांनी दिले. पुढे तो शेअर सावरला, जुन्या भावाच्या बराच वर गेला, आणि त्या विक्रीची थट्टाही झाली. माझ्या मते ती थट्टा अस्थानी आहे. भवितव्याचा अंदाज बांधता येतो म्हणून घेतले होते आणि तो बांधता येत नाही असे दिसल्यावर विकले, यात कारण आणि कृती यांचा सांधा जुळतो. खरेदीभाव येण्याची वाट पाहणाऱ्या माणसालाही शेवटी तो भाव मिळाला असता. पण त्याच पद्धतीने सांभाळलेले दुसरे किती शेअर पुन्हा वर आलेच नाहीत, याची यादी कुणी मांडत नाही.

‘पहिल्या दिवशी विकू नये, थोडी उसळी येते तेव्हा विकावे’ असा सल्लाही सर्रास दिला जातो. कधी उसळी येतेही. परंतु रे बॉल आणि फिलिप ब्राउन यांच्या १९६८ च्या अभ्यासापासून असे दिसत आले आहे, की निराशाजनक निकालानंतर भाव एकदम सगळा पडून थांबत नाही, तर पुढे काही काळ त्याच दिशेने हळूहळू सरकत राहतो. विक्टर बर्नार्ड आणि जेकब थॉमस यांनी १९८९ मध्ये हा प्रवाह साधारण ६० व्यवहारदिवस टिकतो असे दाखवले. ही अनेक कंपन्यांची सरासरी आहे, तुमच्या हातातल्या एका शेअरचे भाकीत नव्हे. तरीही उसळीच्या भरवशावर निर्णय लांबणीवर टाकणाऱ्याने ती माहीत असलेली बरी. स्टॉप लॉसवर, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विक्रीला लागणाऱ्या ऑर्डरवर, विसंबणाऱ्यांसाठीही एक इशारा आहे. निकाल बाजार बंद असताना लागला आणि शेअर सकाळी थेट ३० टक्के खाली उघडला, तर मधल्या भावांवर व्यवहारच झालेला नसतो. तुमचा स्टॉप लॉस ५ टक्क्यांवर लावलेला असला, तरी विक्री खालच्या भावाने होते किंवा, ऑर्डर मर्यादित भावाची (म्हणजे ठरवलेल्या भावाखाली न विकण्याची) असेल तर, होतच नाही.

मग निकालात पाहावे काय? नफ्याच्या ओळीखाली उतरून इतर उत्पन्न आणि अपवादात्मक बाबी आधी वेगळ्या काढाव्यात. विक्री वाढत असताना येणी (विकलेल्या मालाचे ग्राहकांकडून यायचे पैसे) त्याहून वेगाने फुगत असतील आणि व्यवसायातून हाती येणारी रोकड आटत असेल, तर तो निकाल दिसतो त्याहून वाईट आहे. लेखापरीक्षकाचा शेरा बदलला असेल, तर बाकी आकडे नंतर वाचले तरी चालतील. हे सारे मात्र आपण शेअर का घेतला होता, याच्याशी ताडून पाहिले तरच उपयोगाचे. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलने १ ऑगस्ट २०२४ रोजी १.६ अब्ज डॉलरचा तिमाही तोटा, सुमारे १५,००० नोकऱ्यांची कपात आणि त्या वर्षाच्या चौथ्या तिमाहीपासून लाभांशाला स्थगिती, असे सगळे एकदम जाहीर केले. दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्के पडला. नियमित लाभांशासाठी ज्याने तो घेतला होता, त्याचे कारण त्या संध्याकाळीच संपले होते, मग पुढे भाव कुठेही जावो. कंपनीच्या कारखान्यांच्या दीर्घ योजनेवर ज्याची भिस्त होती, त्याला मात्र शांतपणे आणखी वाचण्यासारखे बरेच होते. म्हणून मी आग्रहाने सांगतो, की खरेदीच्या दिवशी दोन ओळी लिहून ठेवा: हा शेअर का घेत आहे आणि काय घडले तर ठेवणार नाही. निकालाच्या रात्री आठवून लिहिलेली कारणे त्या रात्रीच्या भावाला सोयीची असतात.

कर्ज काढून किंवा मार्जिनवर, म्हणजे थोडी रक्कम स्वतःची आणि बाकी दलालाची उसनी घेऊन, ज्यांनी शेअर घेतले आहेत, त्यांना यातले काहीच फारसे उपयोगी पडणार नाही, हेही सांगून टाकतो. भाव पडला की दलाल वाढीव रक्कम मागतो, ती वेळेत भरली नाही तर तो स्वतः विकतो, आणि ती विक्री पडझड ऐन भरात असताना होते. त्यांनी निकालाच्या तारखेआधीच व्यवहाराचा आकार एवढा कमी करायला हवा, की शेअर एका सकाळी तिसरा हिस्सा खाली उघडला तरी कुणाच्या मागणीवरून विकावे लागू नये.