औदुंबर शेवटी का येतो

(सकाळचा रंकाळा. पाण्यावर धुकं, कठड्याला टेकून बसलेली माणसं.)

आठ ओळींची कविता आहे, बालकवींची 'औदुंबर'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत पाठ केली असणार, मीपण केलेली, खाली प्रश्न होता कवितेचा भावार्थ लिहा आणि मी गाईडमधलं उत्तर उतरवलं होतं की या कवितेत कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे. पाचपैकी चार मार्क पडले. त्या चार मार्कांनी माझं नुकसान केलं असं मला आज मनापासून वाटतं, कारण मला वाटलं ही कविता आपली झाली, आणि पुढं कितीतरी वर्षं मी ती उघडलीच नाही.

आज उघडूया. अर्थ सांगायचा म्हणून नाही, ती स्वतः कशी उघडते, पहिल्या शब्दाकडून शेवटच्या शब्दाकडं कशी जाते, एवढंच बघायचं.

पहिली ओळ ऐका.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन

आता मांडीवर हात ठेवा आणि ठेका धरा. ऐल तटावर, आठ मात्रा. पैल तटावर, परत आठ. तराजूची दोन पारडी असावीत तशी ही ओळ उभी राहते, नदीचे दोन काठ कानालाच ऐकू येतात, आणि अजून नदीचं नावसुद्धा घेतलेलं नाही! (मात्रांचा विषय निघाला की कोल्हापुरात माधव जूलियन आठवायलाच पाहिजेत, 'छंदोरचना' लिहिणारा हा माणूस इथल्या राजाराम कॉलेजात शिकवायचा.) आधी काठ आले, मग दुसऱ्या ओळीत पाणी येतं,

निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.

निळा म्हणाला असता तर चाललं असतं, पण निळासावळा म्हणालाय. तो सावळा तिथंच ठेवून द्या, पुढं लागणार आहे.

आणि ऐल-पैल हे शब्द. ऐल म्हणजे अलीकडचं, पैल म्हणजे पलीकडचं, बरोबर, पण मराठी माणसाच्या कानाला पैल हा शब्द नुसता भूगोल सांगत नाही, पैलतीर म्हटलं की आपण आवाज जरा खाली आणतो. म्हणजे कवितेनं पहिल्या चार शब्दांतच हे जग आणि ते जग समोरासमोर मांडून ठेवलंय आणि मध्ये पाणी सोडलंय, वाचताना मात्र आपल्याला फक्त हिरवळ दिसते. तसंच व्हायला पाहिजे. पहिल्याच ओळीत सगळं कळलं असतं तर पुढं कोण गेलं असतं?

(गल्लीतलं विठ्ठल मंदिर. संध्याकाळ. टाळ लागतायत.)

सुरुवातीची ओळ म्हणजे काय हे मला खरं तर पुस्तकात कळलं नाही, आमच्या गल्लीत एकादशीच्या भजनात कळलं. तुकोबांचा अभंग चाललेला, आनंदाचे डोही आनंद तरंग. आमच्या भजनात पहिलाच चरण ध्रुपदासारखा म्हणतात, म्हणजे प्रत्येक चरण झाला की परत तिथंच यायचं. आणि बुवा तिसऱ्या चरणावर आले, गर्भाचे आवडी मातेचा डोहाळा, आणि परत ध्रुपदावर गेले, आनंदाचे डोही, आणि मी टाळ वाजवायचा थांबलो. डोह आणि डोहाळा! मघाशी जो डोह पाण्याचा होता तो आता आईच्या पोटातला झाला. ओळ तीच, चाल तीच, पण आतलं पाणी बदललं. पोटातल्या जिवाला जे आवडतं तेच आईला खावंसं वाटतं, तसा हा आनंद आतून वर येतोय, हे त्या ओळीत पहिल्यापासून होतं की, फक्त आपण अजून तिथपर्यंत पोचलो नव्हतो.

तेव्हापासून मी कुठलीही कविता संपली की परत पहिल्या ओळीवर जातो. शेवटाकडून आल्यावर ती वेगळी दिसते.

सगळ्याच कविता अशा अलगद दार उघडत नाहीत हेही सांगतो. मर्ढेकरांची ती ओळ घ्या, पिपांत मेले ओल्या उंदिर. आपण बोलताना म्हणू ओल्या पिपात उंदीर मेले. इथं मेले आधी येतं, ओल्या जाऊन उंदरांना चिकटतं, आणि मेलं कोण हे शेवटच्या शब्दाला कळतं. वाक्याचे सांधेच निखळलेत. तिथं पहिल्याच ओळीत तुमची मान धरलेली असते. बालकवी तसं करत नाहीत, ते तुमचं बोट धरतात.

(शिरोळकडं जाणारा रस्ता. दोन्ही बाजूला ऊस.)

तर परत 'औदुंबर'कडं. ही कविता कोल्हापूरची नाही हे आधी स्पष्ट सांगतो. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म १८९० चा, खानदेशातल्या धरणगावचा, १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना बालकवी म्हणायला लागले आणि १९१८ साली भादलीजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले. अठ्ठावीस वर्षंही पुरी न झालेलं आयुष्य. ती पंचगंगा नाही, तो ऊस नाही, पण वाचणारा आपापलं पाणी घेऊनच कवितेत उतरतो आणि माझं पाणी इथलं आहे.

तिसरी-चौथी ओळ, चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे, शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे. बघा, पैल परत आला. गाव पलीकडं आहे, म्हणजे आपण अलीकडं उभं राहून बघतोय. आणि गर्दी शब्द कुणाला वापरलाय? शेतांना. मग त्यातून पायवाट निघते, पांढरी, अडवीतिडवी, हिरव्या कुरणातून चालत काळ्या डोहाकडं जाते.

इथं थांबा. चार घरं झाली, मळे झाले, पायवाट झाली, माणूस कुठाय? एकसुद्धा नाही. पायवाट आहे म्हणजे कुणाच्या तरी पायांनी पडली असणार, पण पाय कुणाचेच दिसत नाहीत, वाट एकटीच चाललीय. मला हे इतक्या वर्षांत कधी दिसलंच नव्हतं, आणि आता दिसलं की अंगावर काटा येतो, कारण शेवटच्या ओळीत पाय येतात. पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर. अख्ख्या कवितेत पाय फक्त त्या झाडाला आहेत.

क्रियापदं नुसती लावून बघा. वाहतो, चालली, पसरी, बसला. वाहणारं पाणी, चालणारी वाट, पसरणारी सावली, आणि सगळ्यांच्या शेवटी एकटा बसलेला. रंगही तसेच, निळासावळा, हिरवा, पांढरा, मग काळा. दुसऱ्या ओळीतला तो सावळा इथं डोहात येऊन काळा झालाय, आणि वर कवी त्याला गोड काळिमा म्हणतो. आपल्याकडं काळिमा फासतात, घराण्याला काळिमा लागतो, तो शब्द उचलून त्याला गोड म्हणणं, हे धाडस मला फार मोठं वाटतं. तो अंधाराला घाबरलेला नाही, आणि त्याची ओढ त्यानं लपवलेलीपण नाही.

आणि शीर्षक. 'औदुंबर' हे नाव वाचून आपण आत शिरतो, आणि औदुंबर येतो कुठं, तर शेवटच्या ओळीचा शेवटचा शब्द म्हणून. सगळी कविता म्हणजे त्या नावापासून त्या झाडापर्यंतचं अंतर आहे.

(नृसिंहवाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम. घाटाच्या पायऱ्या.)

आमची आज्जी दर पौर्णिमेला वाडीला यायची, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून कधीतरी. ह्या खेपेला मी तिला घेऊन आलो. आपल्या भागात औदुंबर म्हटलं की दत्त महाराज, त्यात दुसरा विचारच नाही, आणि पावसाळ्यात नदी देवळात शिरते, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते तेव्हा दक्षिणद्वार सोहळा म्हणून माणसं स्नानाला लोटतात. म्हणजे पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर आज्जीला समजावून सांगायला लागत नाही.

घाटावर बसून मी तिला कविता म्हणून दाखवली. आज्जी सातवी शिकलेली. शेवटची ओळ आल्यावर म्हणाली, "बसलाय म्हणजे कुणाची तरी वाट बघत असंल."

मी म्हटलं, आज्जी, काही जण म्हणतात तो तपाला बसलाय, काही म्हणतात तो उदास आहे, आणि 'असला' म्हणजे असा हा की बसला असेल, ह्यावरपण दोन बाजूंनी बोलता येतं.

"असू दे की," म्हणाली, "पन मला एक सांग बाळा, पयल्यांदा झरा हुता न्हवं? मग त्यो कुठं गेला?"

मला पटकन उत्तर देता येईना. झरा दुसऱ्या ओळीत वाहतो आणि नंतर त्याचं नाव परत येत नाही. सहाव्या ओळीत एकदम डोह. वाहतं पाणी थांबलं कधी, कुठल्या ओळीत, की ते वेगळंच पाणी आहे? कवितेनं ते सांगितलेलं नाही. आपण गाव बघत होतो, मळे बघत होतो, पायवाटेवरून चाललो होतो, तेवढ्यात मागं ते होऊन गेलं.

आज्जीनं चपला बाजूला काढल्या, एक पायरी खाली सरकली आणि पाय पाण्यात सोडले.

"पयल्यापास्नं म्हण परत," म्हणाली.

ऐल तटावर पैल तटावर...