ग्वाडालूप बास आणि आटलेली ब्लँको नदी

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय एका लहानशा माशाबद्दल. नाव ग्वाडालूप बास. हा मूळचा फक्त मध्य टेक्सासचा. तिथल्या एडवर्ड्स पठारावरच्या मोजक्या नद्यांचा, जगात आणखी कुठलाच नव्हे. हिरवट अंग, कुशीवर काळपट चौकटींची रांग, वजन दीड किलोच्या पुढे क्वचितच. धावतं पाणी आणि त्यातले मोठे धोंडे, हे त्याचं घर. नर उथळ पाण्यात खडी उकरून घरटं करतो, मादीने अंडी घातली की तिलाही हाकलतो आणि एकटाच राखण करतो. १९८९ साली टेक्सासने याला राज्याचा मासा ठरवलं.

पण त्याआधीच, १९७४ पासून, गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी या नद्यांत परका स्मॉलमाउथ बास सोडला गेला होता. दोघे जवळचे भाऊबंद. त्यांची वीण एकमेकांत मिसळली, संकर पिल्लांनाही पुढे पिल्लं झाली. लक्षात घ्या, मासे मेले नाहीत. नदीत मासे भरपूर होते, फक्त मूळची जात विरत चालली होती.

आपल्याकडेही असं घडलंय. लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेला आपला महाशीर सत्तरच्या दशकात कावेरीत सोडला गेला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर आज नामशेष व्हायच्या वाटेवर आहे. माझं स्पष्ट मत आहे, नदीत मत्स्यबीज सोडण्याचे समारंभ बंद व्हावेत. तळ्यात सोडा, शेततळ्यात सोडा. नदीत कुठलं बीज जातंय ते तपासल्याशिवाय एक बोटुकलीसुद्धा सोडू नये.

आता ब्लँको नदीची गोष्ट. ही मला फार आवडते, म्हणून सावकाश सांगतो. ब्लँको ही पांढऱ्या चुनखडीवरून वाहणारी नदी, पुढे ग्वाडालूपच्या खोऱ्यात जाते. तिच्यातून आपला हा मासा पार नाहीसा झाला होता. उरले होते स्मॉलमाउथ आणि संकर. वाहत्या नदीतून त्यांना वेचून काढणार कसं? एका डोहातून काढले, तर वरच्या डोहातून दुसरे येणार.

मग आलं २०११. टेक्सासच्या नोंदींतलं सर्वांत कोरडं वर्ष. शेतकरी हवालदिल, गुरांना चारा नाही. ब्लँकोचा वरचा भाग तुटला. मे महिन्यात आपल्याकडचा ओढा होतो ना, एक डोह इथे, एक डोह तिथे, मध्ये कोरडे दगड? अगदी तसाच. मत्स्यतज्ज्ञांनी हे पाहिलं आणि ओळखलं, की अशी वेळ पुन्हा येणार नाही. परके मासे कोंडले गेले होते, त्यांना पळायला वाट नव्हती. माणसं डोहाडोहात उतरली. परके काढले, संकर काढले. पाऊस परतला, नदी जोडली गेली, तेव्हा तिच्यात शुद्ध ग्वाडालूप बासची पिल्लं सोडली. ज्या दुष्काळाने माणसांना रडवलं, त्याच दुष्काळाने या माशाला त्याची नदी परत मिळवून दिली.

प्रत्येक नदी अशी आटत नाही. जॉन्सन क्रीक या ओढ्यात १९९२ पासून वर्षानुवर्षं शुद्ध पिल्लं सोडावी लागली, तेव्हा कुठे संकर माशांचं प्रमाण शंभरात तीसवरून तीनवर आलं. शंभरात तीन, आणि तेही जवळजवळ वीस वर्षांनी. नमस्कार.